घड्याळ म्हणतं ४०० कॅलरी जळाल्या. खरंच?

लोकलमध्ये, कट्ट्यावर, कँटीनच्या रांगेत जरा आजूबाजूची मनगटं बघा. दर तिसऱ्या-चौथ्या हातावर स्मार्टवॉच नाहीतर फिटनेस बँड. आयडीसी या बाजार अभ्यासणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात भारतात १३ कोटींहून जास्त वेअरेबल्स बाजारात आली. त्यात इअरबड्सही धरलेत, पण घड्याळांचा वाटाही काही कोटींचा. २०२४ मध्ये हा आकडा पहिल्यांदाच खाली आला. तोवर बहुतेकांच्या हातावर एक तरी येऊन बसलेलं होतंच.

आणि या घड्याळावर आपण सगळ्यात जास्त काय बघतो? वेळ नाही हो, ती तर फोनवरही दिसते. आपण बघतो कॅलरी. जिमवाले तर हमखास. 'आज ४०० जाळल्या, आता एक मिसळ बनती है' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल किंवा म्हटलंही असेल. स्टोरीला स्क्रीनशॉट, खाली आगीचा इमोजी.

प्रश्न साधा आहे. घड्याळाला कसं कळलं की ४०० जळाल्या?

त्याला कॅलरी दिसत नाहीत. त्याला दिसतो प्रकाश. घड्याळ उलटं करा, मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो वाढतो. ही वरखाली मोजली की ठोके मिळतात. युक्ती हुशार आहे, यात वाद नाही. पण यंत्र शोधतंय ती फक्त प्रकाशातली लय. म्हणून तर केळ्याला किंवा टिश्यू पेपरच्या गुंडाळीला घड्याळ बांधलं तरी 'हार्ट रेट ७८' दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. दर वेळी ती फसवणूकच असते असं नाही. समोर जे काही आहे त्यात लय शोधायचं काम त्या बिचाऱ्याला दिलंय आणि ते इमानदारीत करतंय.

तर, ठोके मिळाले. आता ठोक्यांवरून कॅलरी. इथून पुढे मोजणं संपतं आणि अंदाज सुरू होतो.

शरीराने किती ऊर्जा वापरली हे नीट मोजायचं तर त्याने किती ऑक्सिजन वापरला हे बघावं लागतं. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे ढोबळमानाने ५ किलोकॅलरी (आपण बोलताना जिला नुसतं 'कॅलरी' म्हणतो ती हीच). प्रयोगशाळेत यासाठी तोंडावर मास्क लावून श्वास मोजतात. मास्क लावून कोणी कॉलेजला जाणार नाही, म्हणून ठोक्यांचा आधार घेतात. तर्क असा: ऑक्सिजन रक्तातून जातो, रक्त हृदय ढकलतं, म्हणजे ठोके वाढले तर ऑक्सिजनचा वापर वाढला.

गंमत अशी की या हिशेबाला तीन भाग आहेत. मिनिटाला किती ठोके, एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं आणि त्या रक्तातला किती ऑक्सिजन स्नायू खरोखर काढून घेतात. तिघांचा गुणाकार केला की उत्तर येतं. घड्याळाला यातला एकच आकडा माहीत असतो. बाकीचे दोन ते तुमच्या वयावरून, वजनावरून आणि तुम्ही पुरुष की स्त्री यावरून गृहीत धरतं. म्हणजे प्रश्नपत्रिकेत तीन प्रश्न, एकाचं उत्तर येतंय आणि उरलेल्या दोघांचं मागच्या बाकावरच्या 'सरासरी' नावाच्या मुलाचं बघून लिहिलंय.

कॅल्क्युलेटर काढा

कंपन्या आपलं सूत्र सांगत नाहीत, ते कुलूपबंद असतं. शिवाय बऱ्याच घड्याळांत ठोक्यांसोबत हाताच्या हालचालीचाही हिशेब धरतात. पण ठोक्यांवरून कॅलरी काढायचं एक प्रसिद्ध सूत्र सगळ्यांसाठी खुलं आहे. केटेल आणि सहकाऱ्यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि इंटरनेटवरच्या अनेक कॅल्क्युलेटरमागे तेच आहे. आपण ते वापरून बघू, म्हणजे या जातीच्या अंदाजाचा स्वभाव कळेल.

पुरुषांसाठीचं असं: ठोके गुणिले ०.६३०९, अधिक वजन गुणिले ०.१९८८, अधिक वय गुणिले ०.२०१७, त्यातून ५५.०९६९ वजा. येतात त्या दर मिनिटाच्या किलोज्यूल. त्यांना ४.१८४ ने भागलं की आपल्या कॅलरी.

समजा एक मुलगा, वय २१, वजन ६५ किलो. लेक्चरला शांत बसलाय, ठोके ७५. सूत्र म्हणतं तासाला साधारण १३४ कॅलरी. प्रत्यक्षात नुसतं बसल्यावर या वजनाचं शरीर तासाला ६५ च्या आसपास वापरतं. म्हणजे थेट दुप्पट.

आता तोच मुलगा व्हायव्हाच्या खोलीबाहेर बसलाय. दोन कटिंग झालेत, हात गार पडलेत, ठोके ९५. सूत्र म्हणतं तासाला ३१५. खुर्चीवरून उठलाही नाही! नुसत्या टेन्शनने इतक्या कॅलरी जळत असत्या तर परीक्षेच्या महिन्यात आपण सगळे काडीपैलवान झालो असतो.

पुढचं उदाहरण मुंबई-ठाण्याच्या वाचकांसाठी. संध्याकाळची विरार फास्ट, दाराजवळची गर्दी, मे महिन्याचा घाम, पाठीवरची बॅग पोटावर घेतलेली, ठोके १०५. सूत्राच्या मते तासाला ४०६ कॅलरी. खरा खर्च उभं राहण्याचा, म्हणजे फार तर शंभराच्या आसपास. गरमीत हृदय जोरात चालतं, कारण अंग थंड ठेवायला त्वचेकडे रक्त पाठवायचं असतं. त्यातून स्नायूंचं काम वाढत नाही.

आणि उलट टोक. आपल्या मुलाने सहा महिने नेटाने सराव केला आणि बसल्या जागी त्याचे ठोके ६० वर आले. सूत्राचं उत्तर येतं शून्य. किंबहुना शून्याच्याही किंचित खाली. म्हणजे तो जिवंत आहे हेच सूत्राला मान्य नाही.

सूत्र बनवणारे चुकले का? अजिबात नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या ११५ जणांना ट्रेडमिलवर आणि सायकलवर घालून त्यांनी ते बांधलं. मध्यम ते जोरदार व्यायामासाठीच ते आहे. त्या पट्ट्यात ठोके आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. बसणं, उभं राहणं, झाडू मारणं, जिना चढून वर आल्यावर धापा टाकणं या पट्ट्यात तो हात सुटतो. आणि आपला दिवस तर सगळा याच पट्ट्यात जातो. संशोधकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. १९८० च्या दशकातच त्यांनी 'फ्लेक्स हार्ट रेट' नावाची पद्धत काढली. त्यात आधी त्या माणसाला प्रयोगशाळेत बोलावून त्याचा स्वतःचा ठोके-ऑक्सिजन आलेख काढायचा, आणि ठोके एका मर्यादेखाली असतील तर त्यांच्याकडे बघायचंच नाही, सरळ आरामातला खर्च धरायचा. तुमचं घड्याळ घेताना दुकानदाराने तुम्हाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवलं होतं का?

व्यायामातही सगळं आलबेल नाही. त्याच २१ वर्षांच्या, ६५ किलोच्या दोन मित्रांची कल्पना करा. दोघं सोबत अर्ध्या तासात ४ किलोमीटर पळतात. एक वर्षभर पळतोय, त्याचे ठोके १३५. दुसरा परवा सुरू झालाय, त्याचे १७०. सूत्र पहिल्याला ३३९ कॅलरी देतं, दुसऱ्याला ४९७. खरं तर वजन सारखं, अंतर सारखं, वेग सारखा. पळण्याचा जुना ढोबळ नियम म्हणजे एका किलोमीटरला एका किलो वजनामागे एक कॅलरी. त्या हिशेबाने दोघांच्या २६० च्या आसपास, आरामातला खर्च धरला तर ३०० पर्यंत. नव्याचं घड्याळ त्याला जवळपास २०० कॅलरींची खिरापत वाटून मोकळं. आणि मिसळ तोच खाणार!

मुलींसाठीच्या सूत्रात तर एक वेगळीच चक्रावणारी गोष्ट आहे. त्यात वजनाच्या आकड्यापुढे वजाबाकीचं चिन्ह आहे. म्हणजे ठोके सारखे असतील तर जास्त वजनाच्या मुलीने कमी कॅलरी जाळल्या असं उत्तर येतं. ज्या गटावर सूत्र बांधलं त्या गटाचा तो गुण असणार. पण तेच उचलून सगळ्यांना लावलं की काय होतं, ते दिसतंय.

स्टॅनफर्डने सात घड्याळं लावून बघितली

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षातली घड्याळं कशी वागतात? सगळ्यात गाजलेली तपासणी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची, २०१७ ची. ६० जण, सात यंत्रं. त्यात ॲपल वॉच होतं, फिटबिट सर्ज होतं, सॅमसंग गिअर एस२ होतं. बसणं, चालणं, पळणं, सायकल असं सगळं करून घेतलं. ठोके ताडून बघायला ईसीजी, कॅलरींसाठी श्वासाचं मोजमाप.

ठोक्यांत सातपैकी सहा यंत्रं पास झाली, चूक ५ टक्क्यांच्या आत. मनगटावरच्या वस्तूसाठी ही खरंच कौतुकाची गोष्ट. कॅलरींत मात्र सातही नापास. त्यातल्या त्यात बऱ्या यंत्राची चूक २७ टक्क्यांच्या आसपास आणि सगळ्यात वाईटाची ९३. त्वचेचा रंग गडद असेल, वजन-उंचीचं गुणोत्तर जास्त असेल तर ठोके मोजण्यातली चूकही वाढते, हेही त्यात दिसलं. हिरवा प्रकाश गडद त्वचेतच बराच अडतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या मंडळींच्या देशाला हे लागू पडतं हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, २०१७ ची घड्याळं म्हणजे आता म्युझियममधल्या वस्तू. बरोबर. म्हणून नंतरचं बघू. २०२० मध्ये १५८ संशोधन निबंध एकत्र करून एक आढावा निघाला. पावलं आणि ठोके ठीकठाक, पण ऊर्जेच्या बाबतीत एकही ब्रँड अचूक नाही, हाच निष्कर्ष. सेन्सर सुधारत जातील. पण गुणाकारातले उरलेले दोन आकडे चांगला सेन्सर तरी कुठून आणणार?

यात भारतीय शरीराचा एक उपप्रश्न आहे. नुसतं जिवंत राहण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेची जी आंतरराष्ट्रीय समीकरणं आहेत, ती भारतीयांसाठी जास्तीचा आकडा देतात असं इथल्या अभ्यासांत दिसलं. आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी आपल्या शिफारशींत तो आकडा काही टक्क्यांनी खाली आणला. तुमच्या घड्याळाने आणला का, ते त्याच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

मग बिघडलं काय?

एक आकडा चुकला तर चुकला, घड्याळ काय जीव घेतं का, असं वाटू शकतं. पण हा आकडा आता आपल्या ताटापर्यंत आलाय.

घड्याळ म्हणालं ४००, खऱ्या असतील २८०. त्या भरवशावर एक वडापाव जास्तीचा खाल्ला, म्हणजे अडीचशे-तीनशे कॅलरी. व्यायाम जागच्या जागी फिटला. हे आठवड्यात चार वेळा झालं की दोन महिन्यांनी आरशात फरक दिसत नाही आणि आपण म्हणतो, 'माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे.' मेटाबॉलिझम बिचारा ठीक असतो. फक्त त्याचं पासबुक भलताच भरतोय.

आणखी एक बारीक अक्षरातली भानगड. काही ॲप 'ॲक्टिव्ह' कॅलरी दाखवतात, काही 'टोटल'. टोटलमध्ये तुम्ही सोफ्यावर पडून राहिला असता तरी ज्या जळाल्याच असत्या त्याही धरलेल्या असतात. डाएटच्या ॲपने रोजच्या खर्चात त्या आधीच मोजल्या असतील, तर एकाच कॅलरीचं क्रेडिट तुम्हाला दोनदा मिळतं.

वजन कमी करायला अशी यंत्रं मदत करतात का, यावर पिट्सबर्ग विद्यापीठाचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ३५ वयोगटातले ४७१ तरुण, म्हणजे बहुतेक आपल्याच वयाचे. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. सहा महिन्यांनंतर अर्ध्यांना दंडावर बांधायचं ट्रॅकर दिलं. दोन वर्षांनी ट्रॅकरवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालं होतं. बिनट्रॅकरवाल्यांचं? ५.९ किलोने. ट्रॅकरमुळे वजन वाढतं असा याचा अर्थ काढू नका. पण ट्रॅकर घेतलं की काम झालं, हा समज तरी यानंतर टिकत नाही.

दुसरी बाजू जास्त काळजीची आहे आणि तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. घड्याळाचा आकडा वाढवायला जास्त खाणारे असतात, तसे त्या आकड्यासाठी कमी खाणारेही असतात. हॉस्टेलच्या मेसमध्ये 'आज रिंग पूर्ण नाही झाली' म्हणून पोळी परत ठेवणारी मुलगी तुम्हीही बघितली असेल. रात्री साडेअकराला जिन्यावर वरखाली करणारा मुलगाही. अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात फिटनेस ट्रॅकर वापरणं आणि खाण्याच्या विकारांची लक्षणं यांच्यात संबंध दिसला. ट्रॅकरमुळे विकार होतो की विकाराकडे झुकलेली मुलंच ट्रॅकरकडे ओढली जातात, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण पोळी परत ठेवायचं कारण जर २७ ते ९३ टक्के चुकणारा आकडा असेल, तर ती पोळी खायला हवी होती. तुमची मैत्रीण असं करत असेल तर तिला हा लेख दाखवण्यापेक्षा तिच्याशेजारी बसून जेवा. आणि ते वाढत चाललंय असं वाटलं तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे तिच्यासोबत जा.

तिसरी गोष्ट पैशांची. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये आरोग्य विम्यातल्या वेलनेस सुविधांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निरोगी सवयींसाठी ग्राहकांना बक्षीस-गुण, सवलत असं देता येतं. काही योजनांत रोजची ठरावीक पावलं किंवा एका वर्कआउटमध्ये ठरावीक कॅलरी जाळल्या की गुण जमा होतात. कल्पना छान. पण मग गुण कोणाला जास्त मिळणार? वर्षभर पळून ज्याचे ठोके १३५ वर आलेत त्याला की परवा सुरू केलेल्या १७० वाल्याला? वरचं उदाहरण आठवा. आपण पहिल्या नोकरीला लागू तेव्हा असल्या पॉलिसी समोर येणार आहेत. सही करताना गुण पावलांवर आहेत की कॅलरींवर, हे विचारून घ्या.

हा आकडा तपासतं तरी कोण? ॲपल वॉचमधल्या ईसीजीला २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी घ्यावी लागली, कारण तो आजाराबद्दल काही सांगतो. कॅलरी मात्र 'वेलनेस'च्या खात्यात जातात. तिथे कोणी दार अडवत नाही. एकाच मनगटावर, एकाच जिन्यावर, दोन घड्याळं दोन वेगळे आकडे दाखवतात आणि दोन्ही आपापल्या जागी बिनधास्त असतात. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मैत्रिणीचं घड्याळ उसनं घेऊन हा खेळ केला. जो जास्त दाखवतो तोच चांगला, असा तिचा निकाल. तो बाजाराचाही निकाल असणार, अशी मला शंका आहे. ग्राहकाला खूश करायचं तर चूक कुठल्या बाजूला करावी, हे कंपन्यांना शिकवावं लागत नाही.

मग घड्याळ काढून ठेवायचं का? मला नाही वाटत. ठोके ते बऱ्यापैकी बरोबर सांगतं आणि ठोक्यांत बरीच माहिती आहे. सकाळी उठल्या उठल्या ठोके किती, ते महिनाभर बघा. नेमाने व्यायाम करत असाल तर आकडा हळूहळू उतरतो. अचानक दोन-तीन दिवस वर गेला तर झोप कमी पडतेय किंवा ताप येऊ घातलाय, असा इशारा मिळू शकतो. त्याच टेकडीवर, त्याच वेगाने चढताना महिन्यापूर्वी १६० होते, आता १४५ आहेत, ही खरी कमाई. गंमत म्हणजे नेमक्या त्याच वेळी घड्याळावरच्या कॅलरी कमी झालेल्या दिसतील. तेव्हा नाराज होऊ नका.

खर्चाचा अंदाज हवाच असेल तर तो एक आकडा म्हणून वाचू नका, पट्टा म्हणून वाचा. ४०० दिसले तर २५० ते ४०० मधलं काहीतरी. कंपन्यांनीच स्क्रीनवर '२५० ते ४००' असं का लिहू नये? हवामानाचं ॲप पावसाची शक्यता ६० टक्के सांगतं, तेव्हा आपण काही त्याच्यावर रुसत नाही.

तोवर निदान एवढं करा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. स्कूटीवरून खड्ड्यांतून गेल्यावर वाढलेली पावलं आपली नाहीत हे लक्षात ठेवा. आणि ॲपमध्ये जाऊन स्वतःचं वजन बघा. अकाउंट उघडताना बारावीतलं टाकलं होतं ना? सगळा हिशेब अजून त्याच्यावरच चाललाय.